आधी आलेल्याचा मान

गुणवंतरावजींना मी प्रथम पाहिले ते देवळीच्या त्यांच्या कापड दुकानात. बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही गेलो होतो. घ्यायची होती सहा लुगडी, त्यांनी गादीवर साठ उलगडली. मी संकोचलो, तर म्हणाले, "गुरुजी, पाह्यल्याशिवाय पसंत कसं पडन? बसा, चहा सांगतो." तेवढ्यात एक बडे गृहस्थ मोटारीतून उतरले. त्यांनाही आमचे आटोपेपर्यंत बसावे लागले. आधी आलेल्याचे आधी, हा दुकानाचा शिरस्ता होता.

पुढे ते आमदार झाले. बैठकीत खुर्च्यांऐवजी दुकानासारखीच गादी अंथरली आणि शिरस्ताही तोच ठेवला. त्यापायी त्यांनी कितीतरी बडी माणसे दुखावली. मला याचे फार कौतुक वाटे, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

मी वडनेरच्या शाळेत शिक्षक होतो. घर वर्ध्याला लागूनच्या नालवाडीत, तिथे आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. वर्ध्यात शिक्षकाची एक जागा रिकामी झाली, तेव्हा जुन्या स्नेहाच्या हक्काने मी त्यांच्याकडे शब्द टाकायला गेलो. त्यांनी आधी चहा सांगितला.

"गुरुजी, तुमच्याआधी एक बाई येऊन गेल्या. तान्हं लेकरू घेऊन आष्टीच्या शाळेवर एकट्या राह्यतात. जागा एकच हाय, अन् मी त्यायले हो म्हणून बसलो."

मी चहा न घेताच उठलो. दोन वर्षे अबोला धरला.

एका शनिवारी घरी आलो, तर आई नवे हिरवे लुगडे उराशी धरून पडलेली. आमदारसाहेब नागपूरला जाताना गठ्ठा घेऊन आले होते, आणि दुकानाची पायरी चढू न शकणाऱ्या माझ्या आईपुढे तासभर एकेक लुगडे उलगडत बसले होते. ते नेहमीच डोकावतात, मला सांगू नका असे त्यांनीच बजावले आहे, हे बायकोने तेव्हा सांगितले.

आई म्हणाली, "तू काऊन बोलून नाई राह्यला त्याच्याशी? 'माय, तुह्या पोराले घरी आणू शकलो नाई,' असं म्हणून हात जोडून गेला तो मले."

दुसऱ्याच दिवशी देवळी गाठली. बोललो पिकापाण्याचे, घरच्यांच्या तब्येतीचे. मूळ गोष्ट काही जिभेवर आली नाही. मास्तरकीचा ताठा, दुसरे काय!

भाऊ, आज तुमच्या पंचाहत्तरीला सगळ्यांदेखत लिहितो. त्या दिवशी तुम्ही मला नाही म्हणालात, ते बरोबर होते. ठणठणीत राहा, शंभरी गाठा, आणि आम्हा सर्वांना असेच रांगेत बसवा. 'तुमचे बरोबर होते' एवढे एक वाक्य मी आई असतानाच तुम्हाला म्हणायला हवे होते. ती शेवटपर्यंत त्याची वाट पाहत होती.