सांगाव्यांचे नकाशे

मी चौथी शिकलेली. लिहायची सवय नाही आणि चारचौघांत बोलायची त्याहून नाही. पण ही गोष्ट विसरायला नको, म्हणून लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतेय.

भातलावणीत खाचराच्या बांधावरून घसरले आणि पाय मोडला. लेक पुण्यात पीएचडी करते. ती तशीच निघून गावी, पालीला आली. घरात मी आणि माझे सासरे, आबा, दोघंच. तिचे प्रयोग झाले होते, पण प्रबंधाचं शेवटचं प्रकरण गणपतीच्या आत तिच्या मॅडमना पाठवायचं होतं, नाहीतर वर्ष लांबणार होतं. माझ्या पायापायी पोरीचं वर्ष जाणार, हे मला प्लास्टरपेक्षा जड झालं होतं.

शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, हा तिचा विषय. "लग्नाचा सांगावा या घरातनं त्या घरात जातो, तसंच समज," ती म्हणाली. कॉलेजात उघडणारे पुष्कळ लेख आमच्या ओसरीवरून उघडत नव्हते. मग तिनं जगभरच्या लोकांनी फुकट ठेवलेले नकाशे उघडले. कुठला सांगावा कुठून कुठं जातो ते बाणांनी दाखवलेलं, आणि बाण कुठल्या लेखावरून काढला तेही खाली दिलेलं. रेंज फक्त माझ्या खाटेच्या कोपऱ्यात यायची, त्यामुळं ती माझ्या उशाशीच बसायची.

एकदा तिथं तिचं नाव आणि ईमेल विचारला.

"फुकाट हाय म्हंत्यात आन नाव इचारत्यात? बंद कर ते," मी म्हटलं. मोबाईलवर फसलेली माणसं गावात होती.

"आबा गडावरनं आलेल्या पोरांना फुकाटच पाणी देत्यात ना? आन वर गाव कंचं, लगीन झालं का, समदं इचारत्यात."

आणि तिनं नाव, ईमेल घालून टाकलं.

नागपंचमी झाली आणि तिचं लिहिणं एकदम अडलं. नकाशातला एक बाण म्हणत होता, सांगावा पुढं जातो. तिचे प्रयोग म्हणत होते, तिथं थांबतो. "माझंच चुकलं असणार," म्हणून ती दोन वर्षांचं काम काढून टाकायला निघाली. दोन दिवस तिच्या हातून भाकरी करपली, आबांनी तशीच खाल्ली. तिसऱ्या दिवशी तिनं त्या बाणाखालचा लेख उघडला. तोही फुकटच होता. सगळा वाचला. त्यात थांबतो असंच लिहिलेलं होतं. बाण काढणाऱ्याकडून चूक झाली होती. तिनं मला ते तीनदा वाचून दाखवलं. मला तिचा चेहरा तेवढा कळला.

"मग कळव की त्यांना," मी म्हटलं.

"मी कोण कळवणार, आई? केवढी मोठी माणसं ती."

माझाच स्वभाव तिच्या तोंडून बोलत होता. ग्रामसभेत मी आजवर तोंड उघडलेलं नाही. तिला काय सांगणार?

शेजारच्या जाऊबाई तेव्हा रोज भाजी पाठवायच्या. त्यांचं पातेलं धुऊन ठेवलं होतं. "ते देऊन ये," मी म्हटलं. तिनं पातेलं उचललं, आत पसाभर तांदूळ घातले आणि उंबऱ्यापर्यंत गेली.

"रिकामं का न्हाई नेत?" मी विचारलं.

"कुणाचं भांडं रिकामं देत्यात का?" बोलली आणि तिथंच उभी राहिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लई लबाड हाईस, आई."

पातेलं देऊन आली आणि आधी तिनं नकाशावाल्यांना चूक कळवणारं पत्र लिहिलं.

प्रकरण गणपतीच्या चार दिवस आधी गेलं. तिचे प्रयोग जसे होते तसे त्यात राहिले, मॅडमनी ते मान्य केले. त्याच आठवड्यात त्या लोकांचं उत्तर आलं. आभार मानले होते, चूक सुधारतो म्हणाले होते. नंतर तिनं मला नकाशा उघडून दाखवला. आता तिथं बाणाचं टोक नव्हतं, आडवी रेघ होती. सांगावा थांबतो तिथं अशी रेघ काढतात म्हणे.

ती माणसं कोण, कुठली, मला माहीत नाही. त्यांनी दार उघडं ठेवलं म्हणून माझ्या पायापायी लेकीचं वर्ष गेलं नाही. त्यांचं भांडं परत गेलं तेव्हा आमच्या घरची एक आडवी रेघ त्यात होती.