पाठमोऱ्या प्रेक्षकांची लेखिका

रोजची मालिका लिहिणाऱ्यांचा एक अलिखित नियम असतो: भांडी घासणाऱ्याला कळलं पाहिजे. टीव्ही बाहेरच्या खोलीत, बघणारी बाई आत ओट्यापाशी, पडद्याकडे पाठ, नळ चालू. तरी गोष्ट तिच्या कानात शिरली पाहिजे. म्हणून मालिकेत कुणी गुपचूप घरात येत नाही. "अगंबाई, भाऊजी, तुम्ही? आणि इतक्या वर्षांनी?" असं कुणीतरी किंचाळल्याशिवाय भाऊजींना उंबरठा ओलांडायची सोयच नसते.

या कामात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. काकू म्हणजे निर्मात्यापासून मेकअपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या काकू. त्यांच्या मालिकेत चक्कर येणारा माणूससुद्धा "मला काही दिसेनासं झालंय" एवढं सांगून मगच कोसळायचा. "काकूंची मालिका भिंतीपलीकडूनही दिसते," असं निर्माता चारचौघांत सांगायचा. काकू हसायच्या, पण हे कौतुक त्यांना बोचायचं. इतकी वर्षं लिहून आपण कुणाला मान वळवायला लावली नाही, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. आणि लांब कशाला जा, पुरावा घरातच होता. त्यांच्या सासूबाई मालिका एकदाही चुकवत नसत आणि एकदाही बघत नसत. सुनेच्या हातचं मीठ नेहमी कमी पडतं या ठाम समजुतीपायी संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनी म्हातारपणीही सोडला नव्हता. मालिका चालायची ती त्यांच्या पाठीमागे.

अशात मालिकेतली आई करणाऱ्या नटीने काम सोडलं. आई मेली पाहिजे, हे ओघाने आलं. अशा मरणाचा साचा ठरलेला. रड, पुन्हा रड, आणि थोरल्या मुलाने "आपली आई आपल्याला सोडून गेली!" असं जाहीर करणं. काकूंनी मात्र वेगळंच लिहून दिलं. दिवसकार्य उरकलंय, घरात कुणी नाही, आणि मालिकेतला तो तोंडाळ बाप चहा करायला स्वयंपाकघरात शिरतो. साखर कुठे असते ते त्याला माहीत नाही. तो डबे उघडत सुटतो. अख्ख्या भागात एक शब्द नाही, आणि संगीतही नाही.

चॅनलचा अधिकारी वाचून म्हणाला, "काकू, यात संवाद कुठायत?"

"नाहीत."

"लोक चॅनल बदलतील हो. त्यांना सोपं लागतं."

काकूंचा पारा चढला. "जन्मभर मऊ मऊ भरवायचं आणि वर म्हणायचं, यांना दातच नाहीत! अहो, आपण ऐकवत राहिलो म्हणून ते पाठमोरे राहिले. बघण्यासारखं काही दाखवलंत का कधी? टीव्ही आहे ना तो? की रेडिओला काच बसवलीय?"

शेजारी बसलेला निर्माता खाली मान घालून हसला. अधिकारी हसला नाही. "ठीक आहे. पण प्रेक्षकांचे आकडे पडले, तर पुढची मालिका दुसरं कुणीतरी लिहील."

"लिहू दे," काकू म्हणाल्या. बाहेर आल्यावर मात्र त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. लिहिणं सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी काकू सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. आत सासूबाई कांदा चिरत होत्या. पडद्यावर बाप स्वयंपाकघरात आला. पहिला डबा, दुसरा डबा. बाहेर शांतता, आत सुरीचा आवाज. मग सुरीही थांबली.

"आवाज गेला का गं?" आतून विचारणा झाली.

काकू पडद्याकडेच बघत राहिल्या. सासूबाई हात पुसत दारात आल्या, टीव्हीला झापायच्या तयारीने. म्हातारा स्टुलावर चढून फळी चाचपत होता. सासूबाई उभ्याच राहिल्या. हळूहळू येऊन खुर्चीत टेकल्या. थोड्या वेळाने न राहवून ओरडल्या, "अरे, तिथं नाही, खाली बघ! ओट्याखाली!"

काकूंना भरून आलं. आणि नेमका त्याच क्षणी पडदा निळा झाला. 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व.'

चॅनलच्या प्रक्षेपण खोलीत बसणाऱ्या गृहस्थाने नोकरीत इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. आवाजाचा काटा आडवा पडलेला पाहून त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. तत्परतेने त्याने पाटी लावली. कर्तव्यदक्ष माणूस, त्याला बोल तरी काय लावणार?

काकू कपाळाला हात लावून बसल्या. आता लोक उठणार, चॅनल बदलणार. काम गेलं तर गेलं, पण गोष्ट अर्धीच गेली याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. अधिकारी होता, आणि त्याच्या मागे दुसरे फोन खणखणत होते.

"काकू, लोक शिव्या घालतायत! पाटी काढा म्हणतायत, त्याला साखर सापडली का विचारतायत. एक बाई तर रडतच होती. बातम्या संपल्या की पहिल्यापासून पुन्हा दाखवतोय." मग म्हणाला, "मी चुकलो, काकू."

काकूंनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या लिहिण्याचा अभिमान वाटला, आणि तो त्यांनी लपवला नाही. डोळे पुसत त्या मोठ्याने हसल्या.

सासूबाई अजून निळ्या पडद्यासमोर बसून होत्या. कांदा आत तसाच.

"अहो आई, सापडते साखर," काकू म्हणाल्या. "तो काय करतो, शेवटी..."

सासूबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"सांगू नकोस. मला बघायचंय."