चौकडा जुळलाच पाहिजे!

चहा पाजलात म्हणून सांगतो, नाहीतर हा किस्सा माझ्या तोंडून कधी निघाला नसता. बोईसरात ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय, आणि जो तो आपल्या पदरचं मीठ टाकून सांगतो. म्हटलं, फजिती माझी ना? मग सांगणार पण मीच. मध्ये हसायचं नाय. हसलात की उठलो!

माझं शिवणाचं दुकान तुम्हाला ठाऊक हाय. शाळा चौथीत सुटली, पण चेक्सच्या कापडाचा चौकडा बोटभर सरकला तर मला जेवण जात नाय. एकदा एका गिऱ्हाइकाच्या खिशाचा चौकडा शर्टाला जुळला नव्हता. माझ्या ध्यानात आलं तोवर तो स्टेशनात पोचलेला. धावत गेलो आणि फलाटावरच त्याचा शर्ट उतरवला! लोकांना वाटलं मारामारी लागली.

असा मी. आणि माझ्याच दुकानात आला क्वामे.

घाना देशाचा पोरगा. तारापूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. उंच असा, की खांद्याचं माप घ्यायला मला स्टुलावर चढावं लागलं. तिथंच काम करणाऱ्या उमरोळीच्या मुलीशी त्याचा साखरपुडा ठरलेला. मुलीचा बाप मात्र तोंड फिरवून बसलेला. "पाहुण्यांना काय सांगू?" एवढंच त्याचं पालुपद. पोराला 'अहो जावई' म्हणायची त्याची तयारी नव्हती.

"चाचा," क्वामे म्हणाला, "कोट एकदम आजकल का चाहिए. कमर में फिट. पर छाती और कॉलर पे ये लगेगा."

आणि त्यानं पिशवीतून कापड काढलं. पिवळं, हिरवं, लाल! दुकानात दिवाळीच लागली म्हणा. त्याचा बाप विणकर. त्यानं हातमागावर विणलं आणि स्वतःच्या लग्नात खांद्यावर घेतलं. बाप आता नाय.

"पापा नहीं आ सकते," पोरगा म्हणाला. "तो ये आएगा."

मी कापड दोन्ही हातांनी घेतलं. "बिनघोर जा," म्हटलं.

तो गेला आणि मी कापड टेबलावर पसरलं. बघतो तर काय! चार-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या, हातानं एकमेकींना जोडलेल्या. आणि जोडल्या कशा? पिवळ्या ठोकळ्याशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी पिवळा. एक ठोकळा शेजारच्याला जुळेल तर शपथ!

"अरेरे! बापानं सोन्यासारखं विणलं आणि जोडणाऱ्या गाढवानं वाट लावली!"

माझी बायको सुशीला पलीकडे काजं करत बसलेली. शिरगावची. जीभ तिथली, समुद्राच्या वाऱ्यासारखी.

"अवो, त्यांच्यात तसंच असंल. एकदा फोन करून इचारा."

"गिऱ्हाइकाला इचारून शिवायला मी काय काल मशीनवर बसलो?"

"नका इचारू. मंग मागून माज्या नावानं बोंबलू नका."

मी सगळे टाके उसवले. एकूण एक. पट्ट्या सुट्या केल्या आणि पिवळ्यासमोर पिवळा, हिरव्यासमोर हिरवा असा ठोकळा ठोकळ्याला भिडवून मशीन मारली. काय सफाई! दुकानाच्या दारात लटकवलं. समोरचा रिक्षावाला म्हणाला, "काका, सतरंजी छान हाय." त्याला हाकलून दिला. त्याला काय कळतंय?

ट्रायलच्या दिवशी क्वामे आईला घेऊन आला. बाई त्याच सकाळी विमानातून उतरलेली. डोक्याला भरजरी फडकं, चेहरा मामलेदारासारखा. साखरपुडा परवावर आलेला. काळा कोट तयार होता. बापाच्या कापडाला अजून कात्री लागली नव्हती, तेवढीच देवाची कृपा.

मी कापड तिच्यापुढे उघडलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

बाई वाकली. बोटांनी पट्ट्यांचे सांधे चाचपू लागली. एक सांधा, दुसरा, तिसरा. मग पोराला हळूच काहीतरी म्हणाली. क्वामेचा चेहराच उतरला.

"चाचा... मम्मी पूछ रही है, पापा के टांके कहाँ हैं?"

जोडणारा गाढव कोण, कळलं ना? पंखा फिरत होता आणि मी घामानं निथळत होतो.

"चौकोन आमने-सामने नहीं आते, चाचा. ऊपर-नीचे, ऊपर-नीचे. वही तो डिझाइन है. पापा ने खुद जोड़ा था."

टाक्यांचा दोरा मी तर केरात ढकलला होता! बाई उठली. मला वाटलं, आता ही कापड उचलून जाणार. पोरगा बापाशिवाय उभा राहणार आणि मुलीच्या बापाला आयतं निमित्त.

तेवढ्यात सुशीला उठली. बटणांचा डबा उघडून तिनं दोऱ्याचा छोटासा गुंडा काढला. मी उसवत होतो तेव्हा ती मागून एकेक तुकडा गोळा करत होती! बाईनं तो गुंडा डोळ्यांना लावला. मग पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या, माझ्या खुर्चीत बसली आणि मला बोटानं खुणावलं. उसव!

परत उसवलं. बाईनं पट्ट्या मांडून दिल्या, मी जोडल्या. मशीन नाय, हातानं. जरा चुकलो की टेबलावर थाप! सुशीलाला तिची भाषा येत नाय, तिला हिची येत नाय, पण दोघी मला हसताना एकदम हसत. दोऱ्याचा गुंडा मी कोटाच्या आतल्या खिशात, काळजापाशी शिवून टाकला.

साखरपुड्याला क्वामे हॉलमध्ये आला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. काळा कोट, कंबरेत धारदार, छातीवर बापाचं कापड. मुलीचा बाप पुढे आला. कॉलरवरून हात फिरवला. खाकरला.

"या, जावईबापू."

सुटलो! मी छाती काढून उभा राहिलो. खास शिवलेला चौकड्याचा नवा शर्ट, जो तो माझ्यासोबत फोटो काढतोय. तेवढ्यात क्वामेची आई आली, माझ्या खिशावर बोट ठेवून काहीतरी बोलली. क्वामे हसून वाकडा झाला.

"चाचा, मम्मी कहती है, अब आप भी हमारे यहाँ के हो गए!"

खाली बघतो तर खिसा बोटभर खाली! शर्टाचा चौकडा एकीकडे, खिशाचा दुसरीकडे. आणि मी तसाच बोईसरपासून मिरवत आलेलो! सुशीला छताकडे बघत होती.

"हे कधी केलंस?"

"सकाळी, तुमी आंघोळीला गेल्यावर. वाटलं, तुमची एवडी नजर, घालतानाच दिसंल."

दिसलं नाय. सगळ्या फोटोंत तो खिसा हाय. तुम्हीच सांगा, भर साखरपुड्यात नवऱ्याची अशी शोभा करतात? अजून माफी मागितलेली नाय. कोणी काय विचारता? सुशीलानं!