कार्डावरचा शब्द

मी आज जो काही आहे तो चाचांमुळे. चाचा म्हणजे आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या ऑफिसातले ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण तालुक्याच्या गावी शिकलेलं माझं इंग्रजी इथल्या ब्रिटिश मॅनेजरपुढे अडखळायचं. चाचा बारा वर्षं त्यांची गाडी चालवत होते. रास अल खैमाच्या साइटवर जाता-येता त्यांनी मला साहेबांचं बोलणं शिकवलं.

पहिल्याच आठवड्यात साहेब मला 'मेट' म्हणाले. मेट म्हणजे दोस्त, एवढं मला ठाऊक होतं. साहेबांनी मला मित्र मानलं, असं मी घरी फोन करून सांगितलं. चाचांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले.

"अरे, साहेब पेट्रोल भरणाऱ्यालाही मेट म्हणतात. फुगू नको."

मग दोस्तासाठीचे एकेक इंग्रजी शब्द सांगत गेले. 'पॅल' चढ्या आवाजात आलं तर भांडण समजायचं. 'चम' आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी. आणि 'मकर' म्हणजे आपली रास नव्हे, तर ज्याने आपल्याबरोबर चिखलात हात घातले तो. साहेब हा शब्द फक्त त्यांच्या एका जुन्या सोबत्यासाठी वापरायचे. त्या हिवाळ्यात पावसाने रस्ते तुंबले आणि आम्ही दोघांनी गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत बाहेर काढली. निथळत उभे असलेले चाचा म्हणाले, "खलास. आता तू माझा मकर."

गेल्या वर्षी त्यांची नोकरी संपली. ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे निरोपाचं कार्ड सह्यांसाठी टेबलाटेबलावरून फिरलं. माझ्याकडे आलं तेव्हा मी फोनवर बोलत होतो. बोलता बोलताच लिहिलं, 'ऑल द बेस्ट, मेट', आणि पुढे सरकवलं.

विमानतळावर मीच त्यांना सोडायला गेलो. गाडीत त्यांनी कार्ड सावकाश वाचलं आणि मिटलं.

"मलाही पंपावर उभं केलंस, होय रे?"

मी हसून वेळ मारून नेली.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती. ऐकू येतं, सगळं समजतं, असं तो म्हणाला. म्हणून मी हे पत्र पाठवलं, त्याने वाचून दाखवावं म्हणून.

"चाचा, सलाम. त्या दिवशी कार्डावर काय लिहितोय ते मी पाहिलंच नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाच माफी मागायला हवी होती, मी हसलो. मुलाला तो शब्द खोडायला सांगा, असं लिहिणार होतो, पण आता तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणून त्यालाच विनंती करतो: 'मेट' खोड आणि तिथे 'मकर' लिही. चाचांनी होकाराची मान हलवली तरच लिही. नाही हलवली, तर जागा कोरी ठेव. इन्शाल्ला, सुट्टीत येईन तेव्हा मी बघेन."