आतेभावाची पसंती

माझ्या आतेभावाइतका हेकट माणूस त्या काळच्या रत्नागिरीत दुसरा नव्हता, आणि त्याच्या हेक्यापायी आगबोटीत माझ्याइतक्या ओकाऱ्याही कुणी काढल्या नसतील. हा कचेरीत कारकून, अंगाने असा काटकुळा की कोट खुंटीवरून निघून त्याच्या अंगावर आला तरी कोटाला फरक कळत नसे. आणि याला बायको हवी होती चांगली अंगाने भरलेली! मुलींचे बाप कौतुकाने सांगायचे, "मुलगी नाजूक आहे हो," की हा पोहे येण्याआधीच टोपी उचलायचा. गुहागरला तर त्याने "हिला आधी वर्षभर पोटभर जेवू घाला" असा सल्ला दिला आणि यजमानांनी एक शब्द न बोलता आम्हाला कुंपणाच्या बेड्यापर्यंत पोचवलं. मंडणगडला डोंगर चढून माझ्या पायांना फोड आले. हा अंगणातूनच परत फिरला, कारण विहिरीवर पाणी शेंदणारी मुलगी त्याला हातातल्या दोराइतकीच बारीक दिसली होती. माझं लग्न होऊन मुलगा रांगायला लागला, तरी आत्या मलाच म्हणायची, "तू जा रे त्याच्याबरोबर, तुझं ऐकतो तो." त्याने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं.

मग दाभोळचं स्थळ आलं. दाखवायची मुलगी मान खाली घालून पाटावर बसली होती. आई चुलीपाशी अडकलेली, म्हणून पोहे घेऊन थोरली बहीण बाहेर आली. उंच, गोल चेहऱ्याची, चांगली भरदार. आमचे नवरदेव मुलीला विचारायचे प्रश्नच विसरले.

"या कोण?"

"ती थोरली," बाप ओशाळून म्हणाले. "तिचं अजून जमलं नाही."

"मग जमलं. मला या पसंत आहेत."

थोरलीने पोह्यांचं तबक खाली ठेवलं. "सात जण मला नको म्हणून गेले, पण ते सरळ गेले. तुम्ही आमच्याच घरात बसून माझी थट्टा करता?"

इथे माफी मागावी की नाही? पण नाही! "थट्टा नाही हो," हा कळवळून ओरडला, "मला खरोखरच लठ्ठ बायको हवी आहे!"

मी कपाळाला हात लावला. ती आत निघून गेली आणि आम्ही बाहेर.

त्यानंतर तो तीनदा दाभोळला गेला, म्हणजे मीही गेलो. तिसऱ्या खेपेला ती दाराआडून म्हणाली, "धाकटीचं आधी होऊ दे. तोवर थांबाल का?" तो वर्षभर थांबला, आणि ते वर्षभर त्याने रोज माझं डोकं खाल्लं.

लग्न झालं. मी सुटलो असं मला वाटलं. सहा महिन्यांत वहिनी वाळायला लागल्या आणि हा शिंचा पुन्हा माझ्या पडवीत येऊन बसला. डोळे भरलेले. "माझ्या घरात तिला सुख नाही रे."

"मग तिलाच विचार की!" मी खेकसलो.

विचारायला गेली ती माझी बायको. तिला कळलं ते असं: नवराबायको देवळात निघाली की आळीतल्या बायका पदराआड हसायच्या. ते पाहून वहिनी रोज कसला ना कसला उपास सांगून अर्धपोटी उठत होत्या. "माझ्यापायी यांना लोक हसतात गं," एवढंच त्या म्हणाल्या.

मी त्याला हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुरुषांची पंगत बसली तरी तो उठेना. बायका बसल्या तेव्हा त्याने आपला पाट उचलून वहिनींच्या शेजारी मांडला. आत्या ओरडली, वहिनी लाजेने अर्ध्या झाल्या. "तू दुसऱ्यांदा भात घेतल्याशिवाय मी घास उचलणार नाही," असं म्हणून तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. भात निवला. शेवटी वहिनींनी हसू दाबत भाताच्या वाडग्याकडे हात केला.

वहिनींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या रविवारपासून तो बायकांच्याच पंगतीला जेवतो, तो अजूनही; सुना बिचाऱ्या अवघडून जातात. परवा मी वैतागून म्हटलं, "अरे, आता तरी आमच्यात बस."

"बसेन की," तो म्हणाला आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत पानातला भात नुसताच चिवडत राहिला.