लेहसाठी शिवलेलं जॅकेट

पन्नाशीनंतर बर्फ बघायची हौस मला धाकट्या बहिणीने लावली. अंबरनाथच्या एका ग्रुपबरोबर लेहच्या सहलीत तिने आम्हा दोघींची नावं घातली आणि मग मला कळवलं. आमचे मिस्टर येणार नव्हते. त्यांना पंखा पाचवर केला तरी सर्दी होते.

ग्रुपवाल्यांनी सामानाची यादी पाठवली. थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी, घोट्याच्या वर येणारे बूट. मी जन्मभर चप्पलवाली. बूट पायात मुरावेत म्हणून साडीवरच घालून चामटोलीच्या रस्त्याला फेऱ्या मारायला लागले, तर शेजारीण म्हणाली, "काय वयनी, पोलिसात लागलाव का काय?" तिला बोलायला निमित्तच लागतं. यादीत सगळ्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वारा आत न येणारं जाड जॅकेट हवंच. उणे पंधरापर्यंत जातं, त्यात हयगय नको.

मी म्हटलं, उल्हासनगरच्या बाजारात बघून येते. हे भडकलेच.

"टेलरच्या बायकोनं विकतचं घालायचं? मग मी काय मेलोय?"

यांची तीस वर्षं उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या कारखान्यात जीन्स शिवण्यात गेली. तिथे वस्तू दाखवली की दोन दिवसांत तशीच शिवून देतात, आणि याचा सगळ्यांना भारी अभिमान. यांनी मोबाइलवर जॅकेटचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "यात काय एवढं?"

आठ दिवस खपले. बाहेरून पॅराशूटचं कापड, आत मऊ अस्तर, मध्ये रजईत घालतात तसलं भरण. ते खाली घसरू नये म्हणून हातभर अंतरात सात-आठ आडव्या शिलाया, आणि प्रत्येक शिलाई दुहेरी, जीन्सला मारतात तशी, जाड सुईने. "फाटंल, पण उसवणार नाय," म्हणाले. जॅकेट इतकं झकास दिसत होतं की बहीण म्हणाली, "भाऊजी, मलापण एक." खोटं कशाला बोलू, मलाही मिरवायची घाई झाली होती. पण बदलापूरच्या उकाड्यात जे उबदार वाटतं ते तिकडे चालेल, हे कोण सांगणार? मी ही शंका काढली तर हेच म्हणाले, "टेस्ट करू की."

बहिणीचा नवरा अंबरनाथला आइस्क्रीमच्या गोदामात सुपरवायझर आहे. माल ठेवायची खोली उणे अठरा. रविवारी आम्ही गेलो. "ताई, दहाच मिनिटं हां," तो म्हणाला. गोदामातला जाड कोट अंगात चढवून हेही माझ्याबरोबर आत आले.

वर मोठाले पंखे गार वारा फेकत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग पाठीवर गार रेघा उमटायला लागल्या. एकेक शिलाई मोजता येत होती.

"कसं वाटतंय?" यांनी विचारलं.

"मस्त. घाम यायला लागलाय."

म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लेहला आतून दोन स्वेटर घालू, यांना कोण सांगायला जातंय. पण दात वाजायला लागले होते ते काही झाकता येईनात. हे माझ्याकडे बघत राहिले. चारचौघांत कधी माझ्या खांद्यालाही न शिवलेल्या या माणसाने साडूसमोर सरळ माझ्या कॉलरमधून पाठीवर हात टाकला.

"बर्फ झालीय नुसती," म्हणाले. "चल भायेर."

बाहेर उन्हात त्यांनी जॅकेट अंगावरून उतरवून घेतलं. एका शिलाईला तोंड लावून जोरात फुंकर मारली आणि पलीकडे तळहात धरला. मग दुसऱ्या शिलाईला. "जेवढी शिलाई जास्त, तेवढी भोकं जास्त," म्हणाले. "जीन्सला चालतं." घरी येईपर्यंत मला माझाच राग येत होता. घाम येतोय म्हणायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी हेच मला उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदार सिंधी, बोलका. हे एकेक जॅकेट उलटं करून आतली शिलाई बघत होते. त्याने विचारलं, "टेलर हो क्या, दादा?"

"नहीं," हे म्हणाले. "इनके साथ आया हूँ."

मला ते सहन झालं नाही. "टेलरच है," मी म्हणाले. "तीस साल से."

"फिर आपही बोलो ना, माल कैसा है?"

यांनी हातातल्या जॅकेटच्या बाहीवरून दोनदा हात फिरवला. "अच्छा है," म्हणाले. "अपने से नहीं बनता."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला लेह एकदम नकोसं झालं. "राहू दे," मी म्हणाले, "नाही जात मी."

"गप. घाल बघू." मी घातलं. भर दुकानात त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, तोंड जवळ आणून खांद्यावरच्या शिलाईवर फुंकर मारली आणि विचारलं, "वारं लागलं काय? आता खरं सांग."