अद्रकीला मनाई नाही

बेला गावच्या एसटी स्टँडसमोर एका चहावाल्यानं मोठ्या चहा कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. कंपनीची लाल टोपी डोळ्यांवर घसरायची, तो ती मनगटानं मागं सारायचा आणि अद्रक कुटत राहायचा. करारानुसार चहात फक्त कंपनीचाच मसाला टाकायचा होता, अद्रक नाही. शेवटी कंपनी कोर्टात गेली. कोर्टाचा अमीन मनाई हुकूम घेऊन आला, तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. नाव, पाटी, टोपी, मसाला, सगळं बंद. त्यानं हसत टोपी काढली, पाटी उतरवली.

"साहेब, अद्रकीले मनाई हाय काय?"

अमिनानं हुकूम पुन्हा वाचला. "नाई."

"मंग बसा, चहा घ्या."

पाटी परत लावली का, हे बघायला कंपनीचा माणूस अजून येतो. एका कपात त्याची तपासणी होत नाही.